गप्प बसण्याचं लायसन्स

आमच्या कुंभकोणममध्ये प्रत्येक दुखण्याला एक देऊळ आहे. पोटात राहिलेलं टिकत नसेल तर तिरुक्करुगावूर. शनी मागे लागला असेल, लग्न अडलं असेल, खटला रेंगाळला असेल, तर ज्याची त्याची वेगळी बस आणि वेगळा स्टॉप. फक्त एखादं माणूस गप्प झालं, जेवेना, भिंतीकडे बघत बसलं, तर त्याला कुठल्या बसमध्ये घालायचं यावर गावाचं कधी एकमत झालं नाही. मग त्याला सगळीकडेच नेत. ते आणखी गप्प होई.

माझी अक्का, म्हणजे थोरली बहीण, मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायची. ऐंशीनंतरच्या पहिल्या काही वर्षांत कधीतरी ती बिनपगारी रजा काढून बंगळूरला गेली. तिथल्या एका मनोरुग्णालयात परदेशातून आलेल्या एक बाई शिकवत होत्या, की ज्याला बोलता येत नाही त्याच्यापुढे कागद आणि रंग ठेवावेत, आणि आपण शेजारी बसावं. अक्का हे शिकून परत आली तेव्हा तिच्याकडे एक प्रमाणपत्र होतं आणि मेणाच्या खडूंची एक पेटी. गावाने प्रमाणपत्राकडे पाहिलंही नाही. खडूंची पेटी मात्र शेजारच्या तीन घरांतल्या मुलांनी मागून नेली आणि अक्काने ती भांडून परत आणली.

मी तेव्हा कोर्टासमोरच्या आडोशाला टाइपरायटर घेऊन बसायचो. अर्ज, तक्रारी, प्रतिज्ञापत्रं, लोक सांगतील ते. आमच्या घरात तंजावरच्या मराठी राजांच्या काळापासून कारकुनी आहे. राजे गेले, अर्ज राहिले. हे मी पुण्याच्या नातेवाइकांना कळेल अशा मराठीत लिहितोय, एवढं सांगून ठेवतो. घरातली आमची मराठी निराळी. पुण्याहून आलेला एक पाहुणा म्हणाला होता, तुमच्याकडे जेवायला बसलं की पानात बखर वाढल्यासारखं वाटतं. त्याला अम्माने, म्हणजे आमच्या आईने, सांबार जरा कमी वाढलं.

गावातल्या एका खासगी दवाखान्यात मनोरुग्णांसाठी मागे दोन खोल्या होत्या. तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी अक्काला दर गुरुवारी यायची परवानगी दिली, ती तोंडी. तिथे तिला शेजारच्या दारासुरम गावची एक बाई भेटली.

ही बाई रेशमी साड्या विणणाऱ्या घरातली. नवरा अचानक गेला, आणि तिसऱ्या दिवसापासून ती बोलायची बंद झाली. मुलगी तिला टाउन बसने आणायची. अक्का तिच्यापुढे कागद ठेवायची. बाई काळा खडू उचलायची आणि कागदाच्या मधोमध एक चौकोन काढून तो भरायची. भरभरून कागद तुकतुकीत होईपर्यंत भरायची. पुढच्या गुरुवारी पुन्हा तोच चौकोन. अक्का शेजारी बसायची आणि काहीही बोलायची नाही. मला ते बघून चीड यायची. एकदा मी विचारलंसुद्धा, "अक्का, ती काय काढती आहे, तुला तरी कळतं कां?"

"नाही."

"मग विचार तरी."

"तीच सांगेल. आपण सांगायचं नसतं. तेवढंच मी बंगळुरांत शिकून आलें."

एवढंच शिकायला माणूस बिनपगारी रजा घेतो, हे अम्माला कधी पटलं नाही. ती म्हणायची, "गप्प बसायला तुला येथेंच शिकवलं असतं. तेव्हां तूं ऐकली नाहीस."

पण मुलगी सांगत होती की गुरुवारी घरी गेल्यावर आई जेवते. बाकी दिवशी मुलीने भरवावं लागतं, गुरुवारी स्वतः ताट ओढून घेते. अक्काला तेवढं पुरेसं होतं.

गावात आता एक नवा वैद्य उगवला. हा मूळचा दुकानांच्या पाट्या रंगवणारा. अक्षर सुरेख. कॉफीच्या दुकानांवरची निम्मी अक्षरं त्याच्या हातची. अक्का काय करते हे त्याने दवाखान्याच्या खिडकीची चौकट रंगवताना पाहिलं, आणि महामहम तळ्याजवळ एका खोलीवर स्वतःच पाटी रंगवून लावली: चित्र डॉक्टर. अक्का जे कधी करायची नाही ते तो पहिल्या मिनिटाला करायचा. चित्राचा अर्थ सांगायचा. लाल म्हणजे शत्रू, हिरवा म्हणजे सासू, काळा म्हणजे यम. लोकांना हे फार आवडलं. पैसे देऊन गप्प बसलेलं माणूस बघण्यापेक्षा शत्रूचा रंग कळणं केव्हाही बरं.

दारासुरमच्या बाईच्या दिराने तिला तिथे नेलं. पाटीवाल्याने काळा चौकोन पाहिला आणि सांगितलं, हे यमाचं दार आहे, ही ते रोज उघडते आहे. त्याने तिच्या हातातला काळा खडू काढून घेतला आणि पिवळा दिला. बाई पिवळा खडू हातात धरून बसली. मग ती गुरुवारीही जेवेना. मुलगी रडत आमच्या घरी आली.

त्या दिवशी मी अक्काला पहिल्यांदा संतापलेली पाहिली. आवाज चढला नाही, पण शब्द एकेक करून आले. "रेडिओला लायसन्स आहे. सायकलला आहे. बैलगाडीला पत्र्याचा बिल्ला आहे. माणसाच्या मनांत हात घालणाऱ्यास काय आहे? तुझं यंत्र काढ. अर्ज लिही."

मी यंत्र काढलं. अर्ज असा होता की चित्रांच्या साहाय्याने मनाचे उपचार करणाऱ्यांना राज्य सरकारने परीक्षा घेऊन लायसन्स द्यावं, आणि ज्याच्याकडे ते नसेल त्याला रुग्णासमोर बसू देऊ नये. शेवटचं वाक्य अक्कानेच घालायला लावलं. मी म्हटलं, अगं, तुझ्याकडेही नाही. ती म्हणाली, म्हणून तर मागते आहे.

मद्रासच्या एका कचेरीने कळवलं की चित्रं हा विषय आमचा नाही, रुग्ण आमचे. दुसरीने कळवलं की चित्रं आमची, पण ती काढणारे शाळेत असले पाहिजेत. तिसऱ्या कचेरीने पत्त्यात तंजावर जिल्हा आणि मजकुरात चित्र पाहिलं, आम्ही तंजावरची सोनेरी देवचित्रं काढतो असं समजून फार आपुलकीने विचारलं की आपण सोन्याचा वर्ख कुठून आणता, आणि देव बसलेला काढता की उभा. मी प्रत्येकाला उत्तर पाठवत राहिलो. माझा हात त्यात बसला. अक्कापेक्षा मलाच त्या अर्जाची जास्त सवय झाली.

इकडे म्हातारे डॉक्टर निवृत्त झाले. नव्या व्यवस्थापकांनी अक्काला सांगितलं, सरकारी मान्यता आणा, नाहीतर मागच्या खोल्यांत पाऊल ठेवू नका. तुम्हीच अर्जात लिहिलंय तसं. अर्जाची प्रत त्यांच्यापर्यंत कोणी पोचवली हे कळायला फार डोकं लागत नव्हतं. दवाखान्याची नवी पाटी सुरेख अक्षरात रंगवलेली होती. मान्यता यायची तर लवकर यायला हवी होती. बाईला काळा खडू परत मिळून थोडेच गुरुवार झाले होते, आणि ती पुन्हा ताट ओढायला लागली होती.

आणि खरोखरच मद्रासहून पत्र आलं. तीन सदस्यांची समिती प्रत्यक्ष पाहणीला येणार. अध्यक्ष मोठे अधिकारी, मूळचे आमच्याच बाजूचे, मरुदानल्लूरच्या भजनी मठात वाढलेले. मी आनंदाने तारीख वाचली आणि अम्माला दाखवली. अम्माने भिंतीवरच्या पंचांगाकडे बोट केलं. सरस्वतीपूजा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे नवरात्रात घरात पायऱ्या मांडून त्यावर बाहुल्या बसवतात, त्याला कोलू म्हणतात. आलेल्या बायकांना हळदकुंकू, सुंडल म्हणजे वाटल्या डाळीच्या गोत्रातली उकडलेल्या हरभऱ्यांची उसळ, आणि बसलेल्या प्रत्येकाकडून एक गाणं वसूल करायचं. नवव्या दिवशी सरस्वतीपूजा. त्या दिवशी पुस्तकं, पेन, हत्यारं, यंत्रं, ज्याचं ज्यावर पोट आहे ते सगळं पूजेला बसतं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत त्याला हात लावायचा नाही. एक अक्षर वाचायचं नाही, एक रेघ ओढायची नाही. सुट्टीच्या दिवशी काम केल्याचा शेरा मिळावा आणि देवदर्शनही व्हावं, असा विचार करून समितीने नेमका हा दिवस निवडला होता. चित्रोपचाराची पाहणी करायला वर्षातला असा एकच दिवस काढला होता, ज्या दिवशी अख्ख्या तमिळ देशात कोणी खडू उचलत नाही.

दवाखाना बंद, म्हणून समिती आमच्या घरी आली. अध्यक्षांच्या पत्नीही आल्या. अम्माला पाहुणे म्हणजे पाहुणे. तिने अक्काचे सगळे खडू, ब्रश आणि रुग्णांनी काढलेली चित्रं कोलूच्या पायऱ्यांवर मांडली होती, सरस्वतीच्या पायाशी, प्रत्येकाला कुंकवाचं बोट लावून. माझा टाइपरायटरही खालच्या पायरीवर झेंडूची माळ घालून बसला होता. दुसऱ्या सदस्याने खिशातून पेन काढलं, तर अम्माने त्यापुढे तबक धरलं. त्याने मुकाट्याने ते तबकात ठेवलं. मग तिसऱ्याने ठेवलं. अध्यक्षांनी स्वतःचं पेन डोळ्यांना लावून ठेवलं. पाहणी समिती निःशस्त्र झाली.

दारासुरमची बाई आणि तिची मुलगी कोपऱ्यात बसल्या होत्या. अक्काने त्यांना बोलावलं होतं, बाईची तयारी असेल तरच या म्हणून.

"तर आपण नक्की करता काय?" अध्यक्षांनी तमिळमध्ये विचारलं.

अक्का म्हणाली, "मी कागद देते आणि शेजारी बसते."

"आणि?"

"गप्प बसते."

अध्यक्षांनी सहकाऱ्यांकडे पाहिलं. "गप्प बसायला लायसन्स कशाला लागतं?"

"बोलणाऱ्यांना कोणी अडवत नाही म्हणून."

मला वाटलं, आता रंगणार. पण सुंडल आलं. सुंडलानंतर अम्माने रिवाजाप्रमाणे अध्यक्षांना गाणं म्हणायला सांगितलं. त्यांनी आढेवेढे घेतले, म्हणजे घसा साफ केला. मग त्यांनी जे भजन धरलं ते सोडायला तयार होईनात. गात मात्र ते खरंच छान होते. पत्नी मांडीवर ताल धरून बसल्या होत्या आणि त्यांच्याकडे बघत ते एकेक ओळ फिरवून फिरवून म्हणत होते. चिडलेल्या माणसालाही ऐकावंसं वाटावं असा गळा. मी चिडलेलाच होतो आणि ऐकत होतो.

गाणं संपल्यावर समितीने डिग्री कॉफी, म्हणजे आमच्याकडची निर्भेळ दुधाची कॉफी, घेत पायऱ्यांवरची चित्रं बघितली. काळ्या चौकोनापाशी सगळे थांबले. एक सदस्य म्हणाला, हे शून्य, वेदान्ती बाई दिसते. दुसऱ्याला तो विष्णूचा श्याम वर्ण वाटला. अध्यक्षांच्या पत्नी हळूच म्हणाल्या, कसली तरी विहीर असेल, बिचारी. अम्मानेही हात धुऊन घेतला. ती म्हणाली, हा गाभारा आहे, देव आंत आहे पण दिवा लावलेला नाही. अक्का एकटी खाली बघत होती.

आणि कोपऱ्यातून आवाज आला. खरखरीत, न वापरलेला आवाज. "तो आमचा माग."

मुलीने आईचा हात घट्ट धरला.

बाई चित्राकडे बघून बोलत होती, आमच्याकडे नाही. "मागाखालचा खड्डा. माझा नवरा त्यात पाय सोडून बसायचा. आज सगळ्यांच्या मागाला कुंकू लावतात. मी पण लावलं सकाळी. खड्डा रिकामा आहे."

अक्का उठली नाही, तिने बाईच्या खांद्यावर हात ठेवला नाही, टाळ्या वाजवल्या नाहीत. ती फक्त वर बघत होती आणि तिचे डोळे भरले होते. माझेही भरले, हे लिहायला मला लाज वाटत नाही. इतक्या महिन्यांनी ते माणूस आमच्या अंगणाच्या आत येऊन बोललं होतं. आणि खड्डा बघून आम्हाला यम, विष्णू, वेदान्त सगळं दिसलं, माग दिसला नाही. दारासुरम आमच्यापासून सायकलच्या अंतरावर.

मग अध्यक्ष बोलले. ते अगदी मनापासून खूश झाले होते. "अरे वा! ही तर बोलते की!"

समितीने दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी पकडली. विजयादशमीला सकाळी पूजा उतरवली, खडू मोकळे झाले, तेव्हा दारासुरमची बाई पुन्हा आली. तिने काळा चौकोन काढला, आणि त्याच्या आत दोन पाय. ते बघायला समितीतलं कोणी नव्हतं.

अहवाल काही महिन्यांनी आला. त्यात घराच्या आतिथ्याचा उल्लेख होता. पुढे लिहिलं होतं की सादर केलेली रुग्ण स्पष्ट व सुसंगत बोलत असल्याचे समितीने स्वतः ऐकले. सबब ती रुग्ण असल्याचे सिद्ध होत नाही. सबब उपचार झाल्याचे सिद्ध होत नाही. सबब अशा उपचारास लायसन्सची आवश्यकता दिसून येत नाही. तथापि मान्यतेविना असे उपचार कोणी करू नयेत. मी आयुष्यभर सरकारी भाषेवर पोट भरलं, पण बिनजोडाचं कापड विणल्यासारखा असा परिच्छेद मी पुन्हा पाहिला नाही.

दवाखान्याचं दार बंद झालं. अक्का दोन दिवस शाळेतून येऊन सरळ आत जाऊन पडायची. तिसऱ्या दिवशी गुरुवार होता. दारासुरमची बाई बसमधून उतरून आमच्या ओट्यावर येऊन बसली. अक्का दारात उभी राहिली.

"मला मनाई आहे," ती म्हणाली.

बाई म्हणाली, "गप्प बसायला?"

अक्काने तिला बसू दिलं, पण तिचा नेम विचित्र होता. लपूनछपून केलं तर आपल्यात आणि त्या पाटीवाल्यात फरक काय, असं तिचं म्हणणं. म्हणून तिने पाटी लावायचं ठरवलं, आणि गावात पाटी रंगवणारा एकच. ती स्वतः त्याच्याकडे गेली. त्याने फार आनंदाने, एकही पैसा न घेता, आपल्या आयुष्यातलं सर्वांत सुंदर अक्षर काढून दिलं: 'येथे बसणाऱ्या बाईंना सरकारी मान्यता नाही.' खाली एक कमळही काढलं. ते मी खरवडून टाकलं.

त्या पाटीने अक्काचं नाव झालं. आमच्या गावाचा अनुभव असा की सरकारने ज्यांना मान्यता दिली ते पूल पडले, ज्यांना दिली नाही ते देव जागृत निघाले. लोक पापनाशमहून यायला लागले. कोणी भिंतीकडे बघणारा मुलगा आणी, कोणी न झोपणारी सून. अक्का रोज संध्याकाळी ओट्यावर बसायची. दारासुरमची बाई आता मागावर बसत होती, स्वतः, त्याच खड्ड्यात पाय सोडून. तरी गुरुवारी यायची. नवं माणूस बुजलं की ही सरकून त्याला जागा करून द्यायची आणि कागदाचा कोपरा वाऱ्याने उडू नये म्हणून हाताने दाबून धरायची.

अर्ज मी दरवर्षी पाठवत राहिलो. टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आला तरी मजकूर तोच. मी एकदा म्हटलं, अक्का, आता तुला कशाला पाहिजे लायसन्स, गाव तुझ्या ओट्यावर बसलंय. ती भडकली. "मज नको रे. माझ्यामागून कोण बसेल येथें? तो पाटीवाला? त्याचा मुलगा? पुढच्या बाईच्या हातांतून काळा खडू कोणी काढून घेणार नाही, हें कशावरून?" मी नवा कागद घातला.

नव्वदच्या दशकातली गोष्ट, गुरुवारच होता. ओट्यासमोर रिक्षा थांबली. एक तरुण उतरला, आणि त्याने हात धरून एका म्हाताऱ्याला उतरवलं. मी ओळखलं नाही आधी. अंगावरचा रुबाब उतरला होता, दाढी वाढली होती. मुलगा सांगू लागला की आई गेल्यापासून वडील बोलत नाहीत. निवृत्तीनंतर मुद्दाम कुंभकोणमला घर घेतलं, देवळं जवळ, भजन जवळ, म्हणून. आता भजनाचा आवाज आला की खिडकी लावून घेतात. सगळ्या देवळांत नेऊन आणलं. कोणीतरी या घराचं सांगितलं.

मग मला मांडीवर ताल धरणाऱ्या त्या बाई आठवल्या, आणि तो गळा.

मुलगा बोलतच होता. त्याची नजर वर गेली आणि तो अडखळला. "हे... असं का लिहिलंय? यांच्याकडे लायसन्स नाही?"

मी इतकी वर्षं तयार ठेवलेलं वाक्य होतं माझ्याकडे. टाइप करून ठेवल्यासारखं. "तुमच्या वडिलांना विचारा," मी म्हणालो.

म्हाताऱ्याने मान वर केली. अधिकारी कागद वाचतात तशी त्याने ती पाटी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचली. मग खाली, जिथे कमळ खरवडलेलं होतं, तिथेही पाहिलं. वाचून झाल्यावर त्याने चपला काढल्या, त्या नीट जोडून ठेवल्या, आणि पाटीच्या बरोबर खाली येऊन उभा राहिला.

दारासुरमची बाई सरकली. तिने त्याला जागा केली आणि कोऱ्या कागदाचा कोपरा दाबून धरला. तो बसला.

मुलगा वाकून म्हणाला, "अप्पा, आईचं काढा. आईला ना, पिवळा रंग..."

"तुम्ही बोलू नका," बाई त्याला म्हणाली. "ते सांगतील."

अक्काने खडूंची पेटी पुढे केली. मला अजून पुष्कळ बोलायचं होतं, अहवालातले 'सबब' मला तोंडपाठ होते. अक्काने माझ्याकडे फक्त पाहिलं. मी मुलाला घेऊन आत गेलो, आणि अम्माला कॉफी टाकायला सांगितली.